कवडीचे लोड

जगातल्या कुठल्याही आश्वासनाची हवा एका प्रश्नात काढून टाकणारा माणूस माझ्या पाहण्यात एकच झाला, आणि तो नेमका माझा साडभाऊ निघाला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे आमच्या अक्कांचे, हे यजमान. उमेदीची सगळी वर्षं तेलवाहू जहाजांवर अधिकारी म्हणून काढली आणि एके दिवशी नोकरी सोडून ते पांढरकवड्याजवळच्या आमच्या गावात, वडिलांच्या घरी राहायला आले. आमच्याकडे समुद्राचा विषय निघाला की लोक शाळेतल्या भूगोलाच्या मास्तराकडे, म्हणजे माझ्याकडे पाहतात, आणि मी नकाशाकडे पाहतो. त्या गावात हा गृहस्थ खांद्यावर सोनेरी पट्ट्या असलेला पांढरा सदरा घालून सव्वीस जानेवारीला झेंड्यासमोर उभा राहू लागला. कुणी काहीही कबूल केलं की मान तिरकी करून एवढंच विचारायचे, "कागदावर, का खरंच?" माझ्या पुतणीच्या साखरपुड्यात मुलाच्या वडिलांनी भरल्या मांडवात, "पोरीले आमच्या घरी काही कमी पडनार नाही," असं जाहीर केलं, तेव्हाही त्यांनी हाच प्रश्न विचारला. लग्न मोडायचं तेवढं राहिलं. मुलाच्या वडिलांना मी बाजूला नेऊन सांगितलं की आमचे साडभाऊ बरीच वर्षं पाण्यावर होते, आणि त्यांनीही ते आजाराचं नाव असल्यासारखं ऐकून घेतलं.

त्यांचं दुसरं वेड म्हणजे मदत. कुठेही गेले की आधी ते मदत कुठून येईल याची चौकशी करायचे. उमरखेडला एका जेवणावळीत पुऱ्यांच्या कढईपाशी जाऊन त्यांनी आचाऱ्याला विचारलं, "ही कढई लवंडली तर कोन येते?" आचारी म्हणाला, "कायले लवंडन जी?" तर म्हणाले, "लवंडत नाही हे मले मालूम हाये. लवंडली तर?" त्या आचाऱ्याने पुढच्या पुऱ्या आमच्याकडे पाठ करून तळल्या. अग्निशामक दलाला ते नेमाने फोन करायचे. पलीकडून विचारत, "आग कुठे लागली?" हे म्हणत, "लागली नाही. लागली तर किती वेळात येता?" पलीकडचा माणूस फोन आपटायचा, आणि हे मला शांतपणे सांगायचे, "मास्तर, ध्यानात ठेवा. ते येत नाहीत." घरात तर सराव चालायचा. अक्का स्वयंपाकाला बसल्या असता एकदा त्यांनी मुद्दाम तेलाची बुधली आडवी केली आणि "तेल सांडलं!" असं ओरडून बाजूला उभे राहिले. अक्कांनी वर न पाहता पोतेरं त्यांच्या अंगावर फेकलं. "चांगला वेळ हाये," असं म्हणत त्यांनी ते स्वतःच पुसलं. तलावात मासे धरणाऱ्या महादेवच्या डोंग्यात बसताना ते नारिंगी रंगाचं तरंगतं जाकीट घालायचे. तलाव उन्हाळ्यात गुडघाभर असतो. महादेव म्हणायचा, "साहेब, इथं बुडाचं म्हटलं तर आधी निजा लागते."

हे सगळं आलं कुठून, ते त्यांनी मला एकदा तलावाच्या पाळीवर बसून सांगितलं. तेल घेऊन जहाज निघायचं तर आधी एक आराखडा मंजूर करून घ्यावा लागतो. तेल सांडलं तर कोण येईल, काय घेऊन येईल, किती वेळात पोचेल, हे त्यात लिहायचं. मोठ्या बंदराजवळ हे सोपं असतं. पण जगात असंही पाणी आहे की जिथे बर्फ आणि पक्षी सोडून कुणीच नाही. तिथे हा नियम पाळता येत नाही, म्हणून नियमातच सोय आहे की पर्यायी व्यवस्था लिहून द्या. मग लांबच्या कुठल्या तरी बंदरातल्या बोटीचं नाव लिहिलं जातं. बोट खरी असते, बंदरही खरं असतं, मधलं अंतर तेवढं कुणी विचारत नाही. साडभावांच्या जहाजावर तो आराखडा त्यांच्या ताब्यात होता, आणि तपासणीत त्याची नेहमी वाहवा व्हायची. अशाच एका ओसाड पाण्यात जहाजाचा तळ खडकाला लागला. त्यांनी आराखड्यातल्या सगळ्यांना कळवलं. जो तो म्हणाला, हवा खराब आहे, निघतो. ते पोचले तेव्हा किनारा काळा झाला होता आणि पक्ष्यांना पंख उचलता येत नव्हते. पुढे चौकशी झाली. आराखडा नियमानुसार पूर्ण होता, म्हणून दोष कुणाचाच नव्हता. "मले शाबासकी भेटली मास्तर," ते म्हणाले, "कागद चांगला ठेवला म्हनून." मी भूगोल शिकवत इतकी वर्षं काढली, पण ते पाणी नकाशात नेमकं कुठे आहे हे त्यांना विचारायचा धीर मला झाला नाही.

आता आमच्या तलावाचं सांगतो. महामार्ग गावाच्या वरच्या अंगाने जातो, तिथे एक वाईट वळण आहे, आणि वळणाखालचा नाला थेट तलावात उतरतो. गावची पिण्याची विहीर तलावाच्या पोटाशी. साडभावांनी ते वळण पहिल्याच दिवशी पाहिलं आणि तेव्हापासून त्यांची झोप उडाली. वळणावर एखादा तेलाचा टँकर उलटला की तलाव गेला, विहीर गेली, महादेवचं जाळं गेलं. त्यांनी रीतसर आराखडा करून तालुक्याला नेला. मी सोबत गेलो होतो. तिथला बाबू पानं उलटत म्हणाला, "साहेब, आपल्या जिल्ह्यात समुद्र नाही." साडभाऊ म्हणाले, "रस्ता तर हाये ना?" बाबूने आमच्याकडे असं पाहिलं की मीच त्यांचा हात धरून बाहेर आलो.

पण त्यांनी हार मानली नाही. ती वर्षं कापसाच्या मरणाची होती. चांगल्या कापसाला भाव नव्हता, मग बोंडअळीने खाल्लेल्या, पिवळ्या पडलेल्या कापसाला, म्हणजे आमच्याकडच्या कवडीला, कोण विचारतो? दिग्रसच्या जिनिंगवाल्याने एकदा कवडीचं गाठोडं न सोडताच परत पाठवलं होतं. घरोघरी कोपऱ्यात ती कवडी पडून असायची आणि पोरांच्या अंगाला खाज आणायची. साडभावांना तिचा एक गुण ठाऊक होता. न धुतलेला कच्चा कापूस पाण्यावर तरंगतो, आणि पाणी सोडून तेल पितो. त्यांनी ओट्यावर परातीत पाणी घेतलं, त्यात मोटारचं जळकं तेल ओतलं, वर कवडीचा बोळा ठेवला आणि पाणी लखलखीत करून दाखवलं. पाहायला जमलेल्यांपैकी एकाने विचारलं, "याचा भाव काय येईन?" साडभावांनी परात उचलून आत नेली. मग अक्कांनी जुन्या लुगड्यांच्या लांब पिशव्या शिवल्या, त्यांत कवडी ठासली, आणि नाल्याच्या तोंडाशी आडवे टाकायचे तरंगते बांध तयार केले. ते दिसायला अगदी बैठकीच्या लोडांसारखे होते, आणि गावाने त्यांना लोडच म्हटलं. सरपंचाने कटकट मिटावी म्हणून ठराव केला आणि लोड ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेवले. साडभाऊ दर सोमवारी खोली उघडायला लावायचे, हात लावून लोड मोजायचे, आणि मगच घरी जेवायचे.

मग कापसाची अवस्था पाहायला एक पथक आलं. त्या वर्षांत पाऊस चुकायचा, पथक चुकायचं नाही. मांडव पडला, बिछायत केंद्राचा माणूस भाड्याच्या गाद्या-लोड घेऊन आला, आणि लोड कमी पडले म्हणून सरपंचाने खोली उघडून दिली. पांढरे शुभ्र अभ्रे चढवून पाहुण्यांच्या पाठीशी ते मांडले गेले. आमच्या टाकाऊ कापसाला टेकून पथकाने आमच्या कापसाबद्दल हळहळ व्यक्त केली, चहा घेतला आणि ते गेलं. त्याच मांडवात सरपंचाने साडभावांना "आपल्या गावाचे कॅप्टनसाहेब" म्हणून शाल-नारळ दिला. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी त्यांचं वेड चारचौघांत उचलून धरलं होतं. ते इतके हरखले की, "बैठक मोठी झकास केली जी," असं त्यांनी त्या लोडांकडे पाहून सरपंचाला सांगितलं. नंतर सरपंच म्हणाला, "लोड खोलीतच हायेत, तुमी आता फिकर करू नका," आणि त्यांनी मान डोलावली. तो प्रश्न त्यांनी त्या एकाच वेळी विचारला नाही. पुढचे सोमवार ते शाल पांघरून घरीच बसले. मला त्यांचा राग येत नाही. माणसाला कधीतरी विश्वास ठेवावासा वाटतो, आणि आमच्या जिल्ह्यात नेमकी तीच चूक महागात पडते.

टँकर उलटला तो वेचणीच्या दिवसांत, शाळेची प्रार्थना चालू असताना. कारखान्यांच्या भट्ट्यांत जाळतात ते काळं, जाड तेल. लोक आधी कॅन घेऊन धावले, काळं पाहून नाराज होऊन परतले. साडभाऊ नारिंगी जाकीट घालून पंचायतीकडे पळाले आणि खोली उघडायला लावली. आत मोडक्या खुर्च्या होत्या आणि एक फाटकी सतरंजी. लोड बिछायतवाल्याने आपलेच समजून पांढरकवड्याला गोदामात नेले होते. सरपंच म्हणाला, "ठरावात तर लिवून हाये!" साडभावांनी त्याच्याकडे पाहिलंदेखील नाही. ते दारात उभे राहिले, आणि ज्या पाण्याचं नाव मी कधी विचारलं नव्हतं, ते पाणी मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

"मदत येत नाही असं धरून चाला," ते म्हणाले आणि घराकडे निघाले. अक्कांनी तोवर विळ्याने स्वतःच्या गाद्या फाडायला घेतल्या होत्या. त्यांनीच आयाबायांना हाका मारल्या, आणि घराघरांतली कवडी लुगड्यांत भरून नाल्याकडे निघाली. पुरुषमंडळी मात्र काठावर हात बांधून उभी होती. एक जण म्हणाला, "पंचनामा होईस्तोवर हात लावू नका. जागचं हालवलं तं भरपाई जाईन." वर्षानुवर्षं नुकसान जसंच्या तसं ठेवून साहेबांची वाट पाहायला आम्हाला शिकवलं गेलंय, त्यामुळे हे सगळ्यांनाच पटलं. मलासुद्धा क्षणभर पटलं. साडभाऊ नाल्यात कंबरभर उतरून ओरडले, "काहून उभे राह्यले बे? तलाव मेल्यावर त्याचा पंचनामा करता का?" पहिला महादेव उतरला. त्याच्यामागे मी, आणि मग एकेक करत सगळे. लुगड्यांना लुगडी बांधून नाल्याच्या तोंडाशी आम्ही कवडीचा बांध घातला. तेल आलं आणि तिथे अडलं. जिला दिग्रसला कुणी हात लावला नव्हता ती कवडी काळी, जड होत गेली, आणि पलीकडचं पाणी स्वच्छ राहिलं. दुपारपर्यंत आम्ही भिजलेली काढत होतो, कोरडी टाकत होतो.

दुपारी ते काठावर येऊन बसले ते छाती धरूनच. अक्कांनी मघाशी भरलेल्या लुगड्यांतला उरलेला एक कोरडा लोड त्यांच्या पाठीशी लावला. मी दवाखान्याची गाडी बोलावली. गाडी निघाली होती, पण त्या टँकरमुळेच महामार्ग दोन्हीकडून तुंबला होता. मी म्हणालो, "दादा, गाडी निघाली आहे. येतेच."

त्यांनी मान तिरकी केली. "कागदावर, का खरंच?"

मी वळणाकडे, अडलेल्या ट्रकांच्या रांगेकडे पाहिलं. त्यांना ते कळलं. "मंग काहून वाट पाहून राह्यले?" ते म्हणाले. महादेवने कुणाची तरी बाज आणली, आणि मघाशी हात बांधून उभे असलेल्यांनीच तिला खांदा दिला. पराटीच्या, म्हणजे कपाशीच्या, शेतांतून, अडलेल्या ट्रकांच्या रांगेला वळसा घालून, आम्ही त्यांना पलीकडच्या रस्त्यावर नेलं. बाजेवरून ते वाट सांगत होते, "डावीकडून घ्या, तिकडं चिखल हाये." पलीकडे गाडी भेटली तेव्हा त्यांचं बोलणं थांबलं होतं. यवतमाळला डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं. मदत पोचायला किती वेळ लागतो हे ज्याने आयुष्यभर सगळ्यांना विचारलं, त्याच्याबाबतीतच ते असं म्हणाले.

पुढे पंचनामा झाला. यंत्रणेच्या तत्परतेमुळे तलाव वाचल्याचं सगळ्यांना सांगण्यात आलं, आणि तेलाने माखलेली कवडी उघड्यावर टाकल्याबद्दल एक साहेब अक्कांना विचारायला आले. "कोनी म्हनलं होतं हा कापूस कामाचा नाही," अक्का म्हणाल्या, "आता घेऊन जा." साहेब नाक मुरडून निघून गेले. तलाव आहे, विहीर आहे, महादेव अजून जाळं टाकतो. पाळीवर गेलो की मला त्या मूर्ख नारिंगी जाकिटाची फार आठवण येते.

अक्का दर वर्षी वेचणी संपली की कवडी जमवतात आणि नवे लोड शिवतात. आता ते पंचायतीत नसतात, त्यांच्या घरात भिंतीशी मांडलेले असतात. परवा दुपारी उन्हातून दमून त्यांच्याकडे गेलो, पाणी प्यालो आणि सवयीने मागे रेललो.

"भाऊजी, टेकू नका," अक्का म्हणाल्या. "ते कामाचे हायेत."

मी उठून सरळ बसलो.