बसणाऱ्याच्या बाजूचे करीमभाऊ

करीमभाऊंनी आधी माझ्या खुर्चीची ओळख करून घेतली, माझी नंतर. नागपुरात फर्निचर डिझाइनचा डिप्लोमा करून मी चंद्रपुरात, पठाणपुऱ्याकडच्या त्यांच्या कारखान्यात काम शिकायला गेले, तेव्हा परीक्षेत पहिली आलेली माझी खुर्ची सोबत होती. वरोऱ्याहून बाबांनी ती मालवाहू ऑटोत बांधून दिली होती. भाऊंनी खुर्चीभोवती एक फेरी मारली, खिळ्यांचा डबा माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, "बस बेटा. लहानमोठे अलग कर."

जेवणाच्या सुटीपर्यंत मी माझ्याच खुर्चीत बसून खिळे निवडले. अकराला पाय बधिर झाले. बाराला मी सरकत सरकत कडेवर टेकले होते. एकला भाऊ आले.

"कोनं देला हिले पहिला नंबर?"

"परीक्षकांनी."

"बसले होते का ते?"

बसले नव्हते. उभ्याउभ्याच गुण देऊन गेले होते. मला त्या वेळी परीक्षकांचा राग आला, असे लिहिणे सभ्यपणाचे होईल. खरे तर भाऊंचाच आला होता. तरी दुसऱ्या दिवशी मी वेळेच्या आधी हजर झाले.

भाऊंच्या पंच्याहत्तरीच्या या अंकात त्यांच्या सागवानी कामाविषयी जाणकार लिहितीलच. मला सांगायचे आहे ते त्यांच्या ओबडधोबड कामाविषयी. कुठलीही वस्तू भाऊ आधी खोक्यांच्या रद्दी लाकडात करतात, पुऱ्या मापाची, न घासलेली. तिला ते 'कच्ची' म्हणतात. कच्ची ज्याच्यासाठी आहे त्याच्या घरी पोचवायची, आठ दिवस तिकडे फिरकायचे नाही आणि नंतर न कळवता जायचे. गेल्यावर "कशी वाटली?" असे विचारायचे नाही. ती घरात कुठे सापडते, तिच्यावर काय ठेवले आहे, कुठली कड हाताने काळी पडली आहे, एवढे पाहायचे. भद्रावतीच्या एका गुडघे धरलेल्या आजोबांच्या खुर्चीसाठी त्यांनी अशा सहा कच्च्या केल्या आणि सहाही स्वतःच्या करवतीने कापल्या. सातवीतून आजोबा कुणाचा हात न धरता उठले, तेव्हा कुठे भाऊंनी सागवानाला हात लावला. पन्नास वर्षांची कमाई असलेला हा हात स्वतःची चूक इतक्या शांतपणे कापू शकतो, हे पाहून मी अवाक झाले होते. आजही होते.

कारखान्यात मी एकटीच मुलगी. तिथे बायकांसाठी सोय नव्हती आणि मला सांगायची लाज वाटत होती. पाणी कमी प्यायचे, एवढाच उपाय मी काढला होता. चौथ्या दिवशी मागच्या अंगणात नवे दार बसलेले दिसले. भाऊ रंधा मारता मारता, वर न पाहता म्हणाले, "कडी आतून बराबर लागते का, तेवढं पाहून घे." त्या विषयावर आमचे आजवरचे बोलणे एवढेच.

आता माझ्या फजितीकडे येते. गडचिरोलीकडच्या एका गावात टोपल्या-सुपे विणणाऱ्या बायांसाठी एका संस्थेला चाळीस आसने हवी होती. दिवसभर वाकून बायांच्या पाठी धरत होत्या. भाऊंनी ते काम माझ्या नावावर सोपवले, माझे पहिले. टोपल्या-सुपांची मागणी चढते त्या लग्नसराईआधी जमले नाही तर संस्था बाजारातली प्लास्टिकची स्टुले वाटून मोकळी होणार होती, म्हणजे बायांच्या पाठी होत्या तशाच धरत राहणार होत्या. मी चौदा इंच उंचीचे सुंदर स्टूल काढले. भाऊंनी चित्र पाहिले, मान हलवली आणि म्हणाले, "कच्ची नेऊन ठेव. मी येईस्तोवर लाकूड कापू नोको." आणि ते भाचीच्या लग्नाला गेले.

मी कच्ची नेली, पार्वताबाईंच्या अंगणात ठेवली. पार्वताबाई तिथल्या सर्वांत जुन्या कारागीर. त्या बसल्या, हसल्या, म्हणाल्या, "बेस हाय वो बाई." जमलेल्या सगळ्याच म्हणाल्या, "बेस हाय." मला आणखी काय हवे होते? परत येऊन मी चाळीस स्टुलांचे पाय कापून टाकले. उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग!

भाऊ परतले. कापलेल्या पायांच्या ढिगाकडे त्यांनी पाहिले आणि फक्त म्हणाले, "चाल, गाडीत बस."

पार्वताबाईंच्या अंगणात माझ्या स्टुलावर पाण्याचा गुंड, आमच्याकडचा हंडा, ठेवला होता. बाई जमिनीवर बसून टोपली विणत होत्या. भाऊ त्यांच्यासमोर जमिनीवरच बसले आणि किती तरी वेळ त्यांच्या पायांकडे पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, "बाई, त्याच्यावर काऊन नाई बसत?"

पार्वताबाई ओशाळल्या. "बसतो ना भाऊ. बेस हाय थे."

"खरं सांगा. पोरगी शिकून राह्यली."

"आता पोरीनं येवढ्या दुरून आनलं, तिले नाई कसं म्हनाव? पन वर बसलो तं टोपली पायानं दाबू कशी?"

टोपलीचे बूड तळपायाखाली दाबून, फिरवत फिरवत विणायचे असते. मी पाठीची मापे घेतली होती, पाय पाहिलेच नव्हते. आमच्या झाडीपट्टीत पाहुण्याच्या तोंडावर कुणी वाईट म्हणत नाही. मी स्वतः इथलीच, आणि तरीही त्या अगत्याला पसंतीची पावती समजून बसले. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे, असे झाले.

संस्थेचे साहेब कारखान्यात आले तेव्हा मी कबुलीजबाब पाठ करून उभी होते. भाऊंनी मला बोलूच दिले नाही. "साहेब, कारखाना माहा, गलती माही. लग्नसराईच्या आत देतो." पंचक्रोशीत ज्यांच्या शब्दाला वजन, त्या माणसाने माझी चूक इतक्या सहज अंगावर घेतली की मला रडूसुद्धा वेळेवर आले नाही.

मग चार दिवस आम्ही दोघे जमिनीवर बसून बांबू विणायला शिकलो. बोटे सोलली. पाचव्या कच्चीला जमले: जेमतेम चार इंच उंच, पुढे किंचित उतरता पाट. ती पार्वताबाईंकडे ठेवली. आठ दिवसांनी न कळवता गेलो, तर पार्वताबाई सुनेवर ओरडत होत्या, "माह्या पाटाले हात लावू नोको, तुले तुहा भेटन!" भाऊंचा चेहरा मी तेव्हा पाहिला. सागवानावर पॉलिश चढवतानाही तो इतका उजळलेला मी पाहिलेला नाही.

मग चौदा इंची एकेका पायातून तीन-तीन आखूड पाय निघाले आणि चाळीसही पाट लग्नसराईच्या आत पोचले. हा लेख लिहायला बसण्याआधी मी भाऊंना एवढ्या वर्षांचे मनातले विचारून घेतले.

"भाऊ, माझं चित्र पाहिलं तेव्हाच तुम्हाला कळलं होतं ना?"

"हो."

"मग सांगितलं का नाही?"

भाऊंनी चष्मा पुसला. "सांगतलं असतं तं तू जिंदगीभर मलेच इचारत राह्यली असती. मी किती दिवस पुरनार, बेटा? तुले त्या बायाईले इचाराची आदत लागाले पाह्यजे होती."

भाऊ, ती सवय लागली. पण 'किती दिवस पुरणार' हा तुमचा हिशेब मला मान्य नाही, आणि तुमच्याच शिकवणीप्रमाणे मी तो बेधडक कापून टाकते आहे. तुमचे डोळे, गुडघे आणि रंध्यावरचा तो हात शाबूत राहोत. शंभरी तुम्ही चालत गाठा. बायांना मी विचारतेच आहे. तुम्हाला विचारायचे अजून पुष्कळ राहिले आहे.