फिटरभाऊंचा ऑफ सीझन

आमच्या शेजारच्या फिटरभाऊंच्या लेखी वर्षात दोनच ऋतू असतात: सीझन आणि ऑफ सीझन. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा ही मंडळी त्यांच्या मते फक्त शाळेच्या पुस्तकात राहतात. सगळा जन्म साखर कारखान्याच्या मिलमध्ये काढलेल्या माणसाचं हे असं होणारच. दिवाळीच्या आसपास उसाचं गाळप सुरू झालं की सीझन, उन्हाळ्यात धुराडं थंड पडलं की ऑफ सीझन. तुमचं लग्न कधी झालं, असं मी एकदा विचारलं, तर साल सांगेनात, तारीख सांगेनात. "ऑफ सीझनलाच की, बाई. सीझनला रजा कोन देतंय?" त्यावर वहिनी आतून म्हणाल्या, "अन् पोरगा झाला तवा सीझन हुता. तोंड बघायला तिसऱ्या दिवशी आले."

मी कारखान्याच्या शाळेत गणित शिकवते, म्हणून कॉलनीची मी बाई आणि ते फिटरभाऊ. अंगकाठी अशी, की शर्ट घातलेला नसून दांडीवर वाळत घातलाय असं वाटावं. खिशात एक लांब स्क्रू ड्रायव्हर कायमचा. चालू मशीनच्या बेअरिंगवर त्याचं टोक टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि आतलं दुखणं ऐकायचं, ही त्यांची विद्या. ती मिलपुरती राहिली असती तर बरं होतं. आमच्या फ्रिजला लावला, मिक्सरला लावला, तोवर मी काही बोलले नाही. पण एकदा आमचे हे जिना उतरताना कण्हले, तर भाऊंनी तो सरळ त्यांच्या गुडघ्यालाच लावला, डोळे मिटले आणि निकाल दिला, "वंगन कमी हाय." पुढं डॉक्टरांनीही साधारण हेच सांगितलं, पण ते मी भाऊंना अजून कळू दिलेलं नाही.

भाऊंच्या ओसरीसमोरच कॉलनीचं बास्केटबॉलचं मैदान आहे आणि माझी प्राची चौथीपासून तिथंच वाढली म्हणायला हरकत नाही. मागच्या वर्षी ती जिल्हा संघाच्या निवडीसाठी नगरला गेली. तिचा नेम पाहून निवडणारे खूश झाले. मग धक्काबुक्की सुरू झाली आणि माझी काडीपैलवान तीनदा आडवी झाली. "हात छान आहे, पण अंगात काहीच नाही," म्हणून घरी पाठवली. यंदाची निवड ही तिच्या वयोगटातली शेवटची संधी होती. नगरहून परतली त्या दिवशी ती अंगणात बसून रडली, आणि भाऊ कुंपणापलीकडून एवढंच म्हणाले, "रडू नगं. पुढचा ऑफ सीझन लागू दे."

ऑफ सीझनला कारखान्यात काय चालतं हे कॉलनीत कुणाला सांगावं लागत नाही. मशीन खोलायची, पुसायची, झिजलेलं काढून नवं बसवायचं. वार्षिक परीक्षा संपली आणि भाऊंनी प्राचीला खोलायला घेतलं. जुन्या बेअरिंगच्या कड्यांचे डंबेल्स केले. वाळूची पिशवी खांद्यावर देऊन तिला पाण्याच्या टाकीच्या पायऱ्या चढायला लावल्या. वहिनींनी शेंगदाण्याचे लाडू आणि उकडलेली अंडी यांचा असा मारा केला की पोरगी रात्री जेवेनाशी झाली. आणि बास्केटबॉल? तो भाऊंनी आपल्या हत्यारांच्या पेटीत घालून कुलूप लावलं. शाळेतले पीटीचे सर मुद्दाम घरी आले. म्हणाले, "भाऊ, वाढत्या वयाची पोर आहे. ताकद हवीच, पण हळूहळू, आणि खेळ चालू ठेवून." भाऊंनी शांतपणे विचारलं, "सर, ऑफ सीझनला मिल फिरवत्यात का?" सरांनी आयुष्यात कधी मिल फिरवली नव्हती; ते चहा पिऊन परत गेले.

प्राची भरली, हे मात्र कबूल केलं पाहिजे. जुलैत संगमनेरच्या मुलींशी सरावाचा सामना झाला, तेव्हा त्यांची सगळ्यात दांडगी मुलगी प्राचीवर आदळली आणि तीच खाली बसली. अख्ख्या कॉलनीनं टाळ्या वाजवल्या. मग प्राचीनं पहिला चेंडू टाकला. तो रिंग सोडा, फळीच्याही वरून गेला आणि ओसरीत तांदूळ निवडत बसलेल्या वहिनींच्या सुपात पडला. दुसरा फळीवर एवढ्या जोरात आपटला की कावळे उडाले. हाताला जुन्या सवयीनं फेकायचं ठाऊक होतं, पण हातच आता जुना राहिला नव्हता. शेवटपर्यंत एकही चेंडू आत गेला नाही. भाऊंनी स्क्रू ड्रायव्हर खिशातून काढला, जरा वेळ हातात धरला आणि परत ठेवून दिला.

मला त्यांचा खरंच राग आला होता. निवड महिन्यावर आलेली आणि पोरीचा जन्मजात नेम यांनी घालवला! संध्याकाळी ते दारात आले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. एका हातात चेंडू, दुसऱ्यात पेटीची किल्ली. "बाई, चूक माझी हाय. मिलला रोलर नवे घातले अन् ट्रायल न घेताच ऊस टाकला. पोरीला काय बी बोलू नका." दारातल्या त्या वाळत घातलेल्या शर्टानं चेंडू आणि किल्ली माझ्या हातात दिली. पुढं रागवायला मला काही जमलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून ट्रायल सुरू झाली. भाऊ ड्यूटीवर जायच्या आधी रोज पहाटे रिंगखाली उभे. पहिले आठ दिवस प्राचीनं हाताच्या अंतरावरूनच, अगदी हलक्या हातानं, चेंडू सोडायचा. मग एक पाऊल मागं, मग आणखी एक. गेलेला प्रत्येक चेंडू धावत जाऊन भाऊच आणायचे. पीटीच्या सरांना त्यांनी स्वतः बोलावून घेतलं आणि ते सांगतील तसं मुकाट ऐकलं. महिन्यानं प्राची नगरला गेली, धक्के खाऊन उभी राहिली, आणि जिल्ह्याच्या संघात निवडली गेली. बातमी ऐकून भाऊंनी एकच प्रश्न विचारला, "किती जनींना पाडलं?"

आणि सप्टेंबरअखेर भाऊ निवृत्त झाले. "मला बी ऑफ सीझनलाच सोडलं बगा," असं हसत म्हणाले, क्वार्टर रिकामं केलं आणि दोघं मुलाकडे नगरजवळ नागापूरला राहायला गेले. ओसरी आता बंद असते. चेंडू तिकडं गेला तर प्राची स्वतःच कुंपण ओलांडून आणते, आणि मला फार चुकल्याचुकल्यासारखं वाटतं.

परवा त्यांचा फोन आला. सीझन सुरू होऊन आठवडा झाला होता. "पोरगी खेळतीय का? मोबाईल जरा मैदानावर ठेवा," म्हणाले. मी मैदानाच्या फरशीवर ठेवला आणि प्राची शेजारी चेंडू आपटायला लागली. थोड्या वेळानं मी उचलला. "डावा हात कच्चा पडतोय," भाऊ म्हणाले, "बाकी झकास." मग म्हणाले, "बाई, मागं घरघर येतीय ती मिलचीच न्हवं?"

"हो भाऊ."

"मग ठेवा अजून थोडा येळ तसाच."

मी प्राचीला चेंडू धरायला खुणावलं आणि मोबाईल परत फरशीवर ठेवला.