खिल्लारे बाईंचा दम

मी पोळ्या लाटत होते, तेवढ्यात शुश्रूषा केंद्रातून रेहाना सिस्टरचा फोन आला. एरवी त्यांचं बोलणं शेजारच्या खोलीत ऐकू जातं. त्या दिवशी मात्र आवाज इतका खाली, की गॅस बंद करून फोन कानाशी घट्ट धरावा लागला. "मॅडम, खिल्लारे बाई गेल्या," त्या म्हणाल्या. "सकाळचा चहा घेतला, अन् म्हनल्या, आज खेळ जरा उशिरा घ्या, मी थोडी पडते…" कणकेचे हात तसेच ठेवून मी खुर्चीत बसून राहिले. मरणाच्या दिवशीही खेळाची वेळ पुढं ढकलणारी, पण खेळ रद्द न करणारी ही बाई माझी मैत्रीण होती, याचंच मला नवल वाटत राहिलं.

सुमन खिल्लारे आणि मी गोरेगावच्या शाळेत कित्येक वर्षं बरोबर होतो. मी मराठी शिकवायची, ती खेळ. तरुणपणी ती कबड्डी चांगलीच खेळलेली. अंगानं बारीक, पण मैदानात तिला पकडणं अवघड, असं तिच्यासोबत खेळलेल्या बाया सांगत. शाळेत आल्यावर तिनं मुलींचा संघ उभा केला. "पोरीची जात, मातीत लोळायचं शोभतं का?" असं म्हणणाऱ्या बापांच्या दारात ती स्वतः जायची, ओसरीवर बसायची, पाणी मागून प्यायची आणि बाप हो म्हणेपर्यंत उठायची नाही. नवरा लवकर गेला. मुलगी, प्रज्ञा, शिकून पुण्याला नोकरीला लागली. निवृत्तीनंतरही सुमनची सकाळ मैदानातच जायची.

मग तो अपघात झाला. गोरेगावहून हिंगोलीला येताना जीप उलटली. बाकीच्यांना खरचटलं, हिच्या पाठीचा कणा दुखावला. नांदेडच्या दवाखान्यात बरेच महिने काढल्यावर डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, कमरेखालचं आता परत येणार नाही. प्रज्ञानं आईला पुण्याला न्यायचं म्हटलं, तर सुमननं नकारार्थी मान हलवली. "चौथ्या मजल्यावर खिडकीतून काय बघू? इथं निदान माझी भाषा बोलणारे लोक हायेत." नरसीकडं जाणाऱ्या रस्त्यावर, शेतांच्या मध्ये, एक शुश्रूषा आणि पुनर्वसन केंद्र आहे. लकव्याचे, अपघाताचे, म्हातारपणानं जागेवर पडलेले लोक तिथं राहतात. सुमन तिथं राहायला गेली.

पहिले काही महिने वाईट गेले. मी भेटायला जायची तेव्हा ती भिंतीकडं तोंड करून असायची. विचारलेल्या प्रश्नाला "हं" एवढंच. पडून राहिल्यानं छातीत कफ साचू नये म्हणून तिथल्या फिजिओथेरपिस्टनं तिला प्लॅस्टिकचं एक यंत्र दिलं होतं. नळीतून श्वास ओढायचा आणि आतल्या रंगीत गोट्या वर उचलायच्या. एकदा मी समोरच होते. तिनं ते यंत्र हातात घेऊन बराच वेळ उलटंपालटं केलं. मग त्या तरुण फिजिओथेरपिस्टला विचारलं, "म्हंजे दमच वाढवायचा ना? मग कबड्डी कबड्डी म्हनलं तर चालंल?" तो हसून म्हणाला, "चालेल की. दोन्ही करा." सुमननं डोळे मिटले आणि पडल्या पडल्या सुरू केलं. कबड्डी, कबड्डी, कबड्डी… पार श्वास संपेपर्यंत. शेजारच्या खाटेवरच्या आजी आधी दचकल्या, मग पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. दुसऱ्या दिवशी त्या आजींनीही दम धरला, असं रेहाना सिस्टरनं मला सांगितलं.

तिथून ते वाढत गेलं. जेवणाच्या हॉलमध्ये फरशीवर खडूनं रेघ आखली गेली. रेघेच्या दोन्ही बाजूंना चाकाच्या खुर्च्या. ज्याची चढाई, त्यानं एका दमात पलीकडं जायचं, कुणाला तरी शिवायचं आणि परत यायचं. ज्याला स्वतःची खुर्ची ढकलता येत नाही, त्याला केंद्रातल्या कामवाल्या मावशी ढकलत. आणि सुमननं एक नियम नवा केला होता. अधू हातानं शिवलं तर दोन गुण. त्या एका नियमानं माणसं कशी बदलली, ते मी डोळ्यांनी पाहिलं. मांडीवर ओझ्यासारखे पडलेले हात हळूहळू पुढं यायला लागले. दुपारी जी माणसं छताकडं बघत पडून असायची, ती जेवण उरकून खुर्चीत बसवा म्हणून ओरडायला लागली.

एकजण मात्र येत नव्हता. पुसेगावकडचे गंगाधरराव, चांगले धिप्पाड शेतकरी, उजव्या अंगावरून वारं गेलेलं. ते कुणाशी बोलत नसत, व्यायामाला नकार देत. हात असाच राहिला तर आखडून जाईल, असं डॉक्टरांनी घरच्यांना बजावलं होतं. सुमन रोज त्यांच्या दारापर्यंत खुर्ची नेई. एका दुपारी मी तिच्या मागं उभी होते.

"गंगाधरराव, एक गडी कमी पडून राहिला."

"मला न्हाई खेळायचं, बाई. हात मेला माझा."

"मेला न्हाई. मेलेलं कसं असतं, ते मला इचारा," सुमन म्हणाली आणि स्वतःच्या गुडघ्यावर जोरात चापट मारली. "इथं काईच कळत न्हाई मला. तुमच्या बोटाला सुई टोचली की तुमी कळवळता. मी ऐकलंय."

दोन-चार दिवसांनी गंगाधरराव हॉलच्या कोपऱ्यात येऊन बसले. पुढच्या आठवड्यात रेघेपाशी, सुमनच्या समोरच्या संघात बसले. त्या दिवशी चढाई सुमनची होती. ती कबड्डी म्हणत निघाली, इतरांना चुकवत सरळ गंगाधररावांसमोर गेली आणि थांबली. त्यांचा हात पोचेल इतकी जवळ. शिवली नाही, परतलीही नाही. नुसती दम धरून राहिली. तिचं तोंड लाल झालं, मानेच्या शिरा ताठ झाल्या, आवाज बारीक होत गेला. गंगाधररावांचा उजवा हात मांडीवर थरथरला. उचलला, पडला. परत उचलला… आणि बोटं तिच्या बाहीला अडकली. तिचा श्वास सुटला. धाप लागलेली असतानाच तिनं स्वतःचा निकाल स्वतः दिला, "खिल्लारे बाई बाद." गंगाधरराव डाव्या हातानं डोळे पुसत होते. जिंकण्यासाठी आयुष्य घातलेली ही बाई इतक्या आनंदानं हरलेली मी कधी पाहिली नव्हती.

शेवटच्या वर्षात छातीच्या आजारानं तिचाच दम कमी झाला. चढाई थांबली, तेव्हा ती पंच झाली. एकदा तिला विचारलं, "भीती नाही का गं वाटत?" ती म्हणाली, "वाटते ना. काहून न्हाई वाटनार? पन दुपारी न्हाई वाटत. दुपारी येळच कुठं असतो."

अंत्ययात्रेला गंगाधरराव आले होते. काठी टेकत, चालत. त्यांनी उजवा हात छातीपर्यंत उचलला आणि "जय भीम, बाई" म्हणाले. त्याहून वर तो हात जात नव्हता. पण तेवढा तो गेला.

पुण्यानुमोदनाच्या विधीनंतर काही दिवसांनी प्रज्ञा आणि मी तिचं सामान आणायला केंद्रात गेलो. दोन लुगडी, स्वेटर, चष्मा, बुद्धाची लहान मूर्ती. खुर्ची प्रज्ञानं तिथंच ठेवली. पिशवी घेऊन आम्ही रिक्षात बसत होतो, तेव्हा हॉलमधून कुणा बाईचा आवाज आला. कबड्डी, कबड्डी… कोण होती, आम्हाला दिसत नव्हतं. रिक्षावाल्यानं गाडी सुरू केली. प्रज्ञानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "थांबा दादा," ती म्हणाली, "तिचा दम संपू द्या."

तो बराच वेळ संपला नाही.