सड्यावरचा वणवा आणि पाठीवरचा पंप

आमच्या वाडीला आग विझवायचा पाठीवरचा पंप मिळाला, तेव्हा तो चालवायला सगळ्यांआधी मीच पुढे झालो. पूर्णगडच्या अलीकडे, सड्याला, म्हणजे कातळाच्या उघड्या माळाला, लागून आमची काजूची बाग आहे. शिमग्यानंतर सड्यावरचं गवत खडखडीत वाळतं आणि वणवा लागतो. पंप येईपर्यंत आम्ही तो ओल्या फांद्यांनी झोडपून विझवायचो.

शिकवायला आलेल्या वनरक्षकाने सगळं नीट समजावलं. पाठीवर वीस लिटरची पिशवी, तिच्या तळातून निघालेली नळी हातातल्या पितळी पंपाला जोडलेली. दांडा मागे ओढला की पाणी पंपात शिरतं, पुढे रेटला की धार सुटते. आतली झडप पाण्याला माघारी जाऊ देत नाही.

"म्हणजे रंगपंचमीची पिचकारीच की!" मी म्हणालो.

पिशवीचं झाकण घट्ट लावायचं, हे बहुधा त्याच वेळी सांगून झालं. कारण मी पिशवी पाठीवर चढवली आणि पाणी मानेवरून थेट चड्डीत उतरलं. सगळ्यात मोठ्याने हसली ती माझी काकी. साठी उलटलेली, पण हसताना अख्खं अंगण दणाणून सोडणारी.

आठवडाभरात भर दुपारी सडा पेटला. झाकण दोनदा तपासून मी धावलो. ज्वाळा कमरेएवढ्या. मी दातओठ खाऊन दांडा मागेपुढे करत होतो. ज्वाळा जरा दबायच्या, पुन्हा उठायच्या. पिशवी हलकी झाली, आग तेवढीच.

शेजारी फांदीने आग झोडपणारी काकी ओरडली, "अरे मेल्या, जाळाच्या डोक्यावर काय शिंपडतोस? बुडात मार, बुडात!"

"पाणी संपलं काकी!"

"मग भरून आण आणि दे इकडं."

बागेतल्या टाकीवर पिशवी भरून आणली. काकीने पदर खोचला, पट्टे खांद्यावर चढवले आणि वारा पाठीशी घेऊन उभी राहिली. घाई नाही. दांडा पूर्ण मागे, पूर्ण पुढे, धार गवताच्या मुळाशी. मी मागून धुमसणारं गवत झोडपत गेलो. दुसरी पिशवी संपता संपता आग बागेच्या बांधापाशी निमाली. कडेची चार काजूची झाडं करपली, बाकी बाग वाचली.

दुसऱ्या दिवशी पंप काकीच्या नावावर करायला आम्ही ग्रामपंचायतीत गेलो.

"वय?" कारकुनाने विचारलं.

"माझं," काकी म्हणाली, "की पंपाचं?"