एका दमात

रोह्याच्या आमच्या घरचा पाट आजोबांच्या वेळेपासून हमरापूरला हिरामणकाकांच्या कारखान्यात जातो. आषाढ लागला की पाट नेऊन द्यायचा, त्यावर गणपती बसवून घ्यायचा आणि चतुर्थीच्या आदल्या दिवशी रुमालाने झाकून घरी आणायचा. १९९२ साली हे काम माझ्या गळ्यात पडलं, कारण थोरल्या भावाची पाठ नेमकी आषाढातच धरायला लागली. त्याची पाठ मला ठाऊक आहे. पण त्या पाठीवर मी आजही रागावत नाही, कारण तिच्यामुळे मला निकेश भेटला.

निकेश हा हिरामणकाकांचा एकुलता मुलगा. तेव्हा सतरा वर्षांचा, हाडकुळा. मी गेलो तेव्हा तो मूर्तीसमोर बसून डोळे काढत होता. याला आखणी म्हणतात, आणि ती कारखान्यात सगळ्यांना जमत नाही. निकेश छाती भरून दम घ्यायचा, तो धरून ठेवायचा आणि पापणीची रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढायचा. कुंचला उचलल्यावरच दम सोडायचा. मध्येच श्वास घेतला तर हात हलतो आणि देव तिरळा होतो. काकांनी त्याला हे सहाव्या वर्षापासून शिकवलं होतं. सोडताना मात्र तो दम फुकट घालवत नसे, सूर लावून सोडायचा. तो सूर संपता संपेना. मी पाट छातीशी धरून खुळ्यासारखा उभा राहिलो.

मी तेव्हा धाटावच्या एका कंपनीत शिफ्टला होतो आणि उरलेल्या वेळात ड्रम बडवून आईच्या शिव्या खात होतो. माझा दोस्त मिथुन गिटार वाजवायचा. निडीला त्याच्या वडिलांची भाताची गिरण होती, तिच्या मागच्या खोलीत आमची प्रॅक्टिस चाले. गिरणीच्या धडधडीत आमची धडधड खपून जायची. आमच्याकडे सगळं होतं, फक्त गाणारा नव्हता. मी गायलो की मिथुनचा कुत्रा उठून जायचा.

"गाशील काय आमच्यात?" मी निकेशला विचारलं.

"काय गाता तुमी?"

"रॉक."

"म्हंजे काय?"

मलाही नीट सांगता आलं नाही. तरी पुढच्या रविवारी तो हमरापूरला गाडीत बसला आणि निडीला उतरला. बँडला आम्ही 'खारा वारा' नाव दिलं. इंग्रजी गाणी आम्हाला पाठ होती, पण ती गाताना निकेशची जीभ अडखळायची. एक दिवस वैतागून म्हणाला, "आपल्या भाषेत का नाय वरडायचं?" आणि त्याने स्वतःचं गाणं काढलं. त्याची आई, इंदुबाई, लग्नाआधी मिठागरात कामाला जायची. मिठाने तिच्या टाचांना पडलेल्या भेगा अजून बुजल्या नव्हत्या. गाणं त्या पायांवर होतं. शेवटी शब्द नव्हतेच, नुसता एक लांब सूर होता, डोळा काढताना धरतात तेवढ्या दमाचा.

१९९३च्या नवरात्रात खांब गावच्या लोकांनी आम्हाला बोलावलं. बोलावलं म्हणजे ठरलेला ऑर्केस्ट्रा आला नाही म्हणून चालवून घेतलं. पहिल्या दोन गाण्यांना लोक एकमेकांकडे बघून हसले. तिसऱ्या, त्या पायांच्या गाण्यात माइक गेला. मिथुनची गिटार मुकी झाली, मी घाबरून काठ्या खाली ठेवल्या, आणि निकेश तसाच, बिनमाइकचा, शेवटच्या सुरावर उभा राहिला. मागे बसलेल्या बायाही गप्प झाल्या. सूर थांबल्यावर पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने मोठ्याने विचारलं, "ह्या पोराला छात्या दोन हायेत काय?" त्यानंतर जो टाळ्यांचा पाऊस पडला तसा आमच्या वाट्याला पुन्हा कधी आला नाही.

परतताना निकेश म्हणाला, "जगन, आपली एक कॅसेट निघाली पायजे. एकच. आयेला वाचता येत नाय, पन कॅसेटवरचा माझा फोटू तर वळखंल." त्याला तेवढंच हवं होतं.

पुढच्या वर्षी हिरामणकाकांनी रंग फवारायची गन आणली. मागणी वाढली होती आणि कुंचल्याने एवढ्या मूर्ती रंगवायच्या तर दिवाळी उजाडली असती. पावसाळ्यात रंग वाळावा म्हणून कारखान्याला चारी बाजूंनी प्लास्टिक लावलेलं, त्यात गन चालली की आत गुलाबी धुकं भरायचं. सकाळी निकेश गन मारायचा, दुपारी डोळे काढायचा. पहिल्याच आठवड्यात त्याने तोंडाला फडकं बांधलं. मी पाट घेऊन तिथेच होतो. काका मागून आले आणि त्यांनी ते फडकं खसकन ओढून काढलं.

"देवापुढं तोंड बांधून उभा ऱ्हातोस? चोर हायस काय?"

"बाबा, घशात जातं."

"जाऊ दे. घडवनाऱ्याचा श्वास लागल्याबिगर देवात जीव येत नाय. माझ्या बापानं कंदी तोंड बांधलं नाय, मी नाय बांधलं."

ही त्यांच्या घराची रीत होती. काकांच्या बापाच्या वेळी गन नव्हती, एवढंच काय ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही. मी त्या वेळी हसलो होतो, हे सांगून टाकतो.

श्रावणात निकेशचा आवाज बसला. खोकला, घसा खरखरीत. इंदुबाई त्याचे गुलाबी झालेले रुमाल धुवायची आणि पोरगा रुमालाला हात पुसतो म्हणून चिडायची. पण गणपती गेले आणि दसऱ्याच्या आत घसा सुटला. पुढच्या वर्षीही तसंच झालं. मग कुणालाच काळजी वाटेना. घरात म्हणच पडली, "गणपती गेले की घसा सुटतो." जसं काही पाहुणा आहे, चार दिवसांनी जाईल.

गिरणीत साध्या टेपरेकॉर्डरवर आम्ही ते पायांचं गाणं भरलं होतं. मिथुनने त्याची एक कॉपी मुंबईच्या एका कॅसेट कंपनीकडे पाठवली. ९६च्या मे महिन्यात त्यांचं पत्र आलं की आवाज पसंत आहे, जूनच्या पहिल्या आठवड्यात रेकॉर्डिंगला या. निकेशने ते पत्र इतक्यांदा घडी करून उलगडलं की मधोमध फाटलं.

तेव्हा त्याचा गळा खणखणीत होता. जायला हवं होतं. पण कारखान्यात मूर्ती रांगेने उभ्या होत्या, काकांचा हात आता आखणीला स्थिर राहत नव्हता, आणि सीझनमध्ये बापाला टाकून जाणं निकेशला पटेना. "आक्टोबरात येतो म्हनून कळव," तो मला म्हणाला. "गणपती गेले की घसा सुटतोच. तवा ताज्या गळ्यानं गाईन."

उत्तर मी लिहिलं, माझं अक्षर चांगलं म्हणून. लिहिताना मनात काही आलं नाही. या अक्षराचा मला आजही राग येतो.

त्या वर्षी गणपती गेले. दसरा गेला. घसा सुटला नाही. निकेश मध चाटत होता, ज्येष्ठमध चघळत होता, आमच्याशी खुणांनी बोलत होता. ठरल्या दिवशी आम्ही मुंबईला गेलो. काचेपलीकडचा माणूस भला होता, त्याने घाई केली नाही. सुरुवात बरी गेली. शेवटचा सूर निकेशने लावला आणि अर्ध्यावर तो फाटला. खोकला थांबेना. पुन्हा लावला, पुन्हा फाटला. चौथ्या वेळी निकेशने स्वतःच कानांवरचे हेडफोन काढून नीट टेबलावर ठेवले, त्या माणसाला नमस्कार केला आणि बाहेर येऊन जिन्यात बसला. मी शेजारी बसलो. तो रडला असता तर बरं झालं असतं.

पेणच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढून बघितला. म्हणाले, रंग आत बसलाय. गन आजपासून बंद. गाणं विसर.

पुढे मिथुन पुण्याला नोकरीला गेला. माझे ड्रम मी शाळेला देऊन टाकले. निकेशकडे मी पाट द्यायला आणि गणपती आणायला तेवढा जायचो, बसायचो कमी. मला त्याच्यासमोर बसवत नसे.

९८ साली चतुर्थीच्या आदल्या दिवशी गेलो, तर आमच्या गणपतीला डोळेच नव्हते. मागे रांगेत आणखीही तसेच आंधळे देव उभे. कारखान्यातल्या सगळ्यांच्या तोंडाला फडकी बांधलेली, काकांच्याही. निकेश दाराशी स्टुलावर बसला होता. त्याच्याच्याने आता आखणी होत नव्हती, अर्ध्या रेघेत खोकला येई. ज्या दमाने सूर लांबवला त्याच दमाने रेघ ओढायची होती, आणि तोच सरला होता.

"बस जगन," काका म्हणाले. "तुजाच घेतो." ते आमच्या मूर्तीसमोर बसले, कुंचला बुडवला आणि म्हणाले, "निकेश, लाव रं."

निकेशने टेपरेकॉर्डरचं बटण दाबलं. गिरणीतलं गाणं. मागे माझे बेंगरूळ ड्रम. शेवटचा सूर सुरू झाला तशी काकांनी छाती भरली आणि पापणीची रेघ ओढायला घेतली. थरथरणारा तो हात सुराबरोबर सरळ चालला. सूर संपला, कुंचला उठला. निकेशने टेप मागे घेतली. दुसरा डोळा.

"माझा दम मधीच सुटतो," काका माझ्याकडे न बघता म्हणाले. "ह्याचा सूर चालू असला तर धरवतो."

काकांनी तोंडावरचं फडकं सारखं केलं.

"फडकं मीच वढलं त्याचं. देवाला श्वास लागावा म्हनून." त्यांनी कुंचला पाण्यात बुडवला आणि तो तिथेच राहिला. "लागला. समदाच लागला."

निकेशने ऐकलं. उठून आला, बापाच्या खांद्यावर हात ठेवला, आणि फुसफुसत्या आवाजात म्हणाला, "बाबा, फुडचा घ्या. लोकं खोळंबलीत."

मी गणपती झाकून रोह्याला आणला. दुसऱ्या दिवशी पूजेला रुमाल काढला तेव्हा वहिनी म्हणाली, "भावजी, यंदाचे डोळे किती जिवंत वाटतात, नाही?"

सगळे आरतीला उभे राहिले. मीही उभा राहिलो. मग छाती भरून दम घेतला आणि पापणीची रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत बघून होईतो धरून ठेवला.