तीन बोटं उत्तरेकडे

आपला देश दर वर्षी दोन-तीन बोटं उत्तरेकडे सरकतो, हे शाळेत सगळेच वाचतात आणि परीक्षा झाली की विसरून जातात. ही गोष्ट मनाला लावून घेतलेला, तिच्यापायी घरातल्या खुर्च्या फिरवलेला आणि तिच्याच जोरावर सख्ख्या भावाला निर्दोष सोडलेला माणूस अख्ख्या जगात एकच असावा, आणि तो टेमघरला राहतो. ते आमचे घरमालक. त्यांच्या वरच्या मजल्यावर माझं बिऱ्हाड आहे. मी एका कॉलेजच्या कचेरीत कारकून आहे. पण कॉलेजात जातो तो सर, असा त्यांचा साधा हिशेब असल्यामुळे सामान उतरवलं त्याच दिवशी मी त्यांचा 'सर' झालो. मी त्यांना शेट म्हणतो आणि त्यांच्या बायकोला वहिनी. राहनाळची भातशेती गोदामांखाली गेल्यापासून शेटना करायला काही उरलेलं नाही, आणि ते काही न करणं ते भल्या सकाळपासून मन लावून करतात. फाटकाशी प्लास्टिकची खुर्ची, अंगात बनियन, गळ्यात बोटभर जाडीची साखळी आणि हातात पेपर. पेपर माझा. पण तो माझा असणं हे केवळ पेपरवाल्यापुरतं खरं आहे. माझ्या हाती तो येतो तेव्हा त्यावर चहाच्या कपाचं वर्तुळ उमटलेलं असतं आणि शब्दकोडं अर्धं सोडवून पार बिघडवलेलं असतं. अक्षरं जास्त झाली तर शेट दोन-दोन एका चौकोनात बसवतात. गोदामात माल कसा रचतात ते त्यांनी पाहिलेलं आहे.

एका रविवारी हा माणूस पेपर घेऊन चक्क जिना चढून वर आला. गुडघ्यांमुळे शेट एरवी जिना चढत नाहीत. भाडेवाढसुद्धा ते खालूनच ओरडून सांगतात. त्यांनी पुरवणीतलं एक चित्र माझ्यापुढे धरलं. त्यात जगातले सगळे खंड बाण लावून इकडेतिकडे निघालेले दाखवले होते. "सर, यो खरा हाय?" मी वाचून खरं असल्याचं सांगितलं. "म्हंजे आपून बसलोय ती जागा चाललेय?" हो. "कवापासून?" कोट्यवधी वर्षांपासून. शेट माझ्या कॉटवर बसले, कॉट करकरली. "आनि मना कोन बोललं न्हाय," ते म्हणाले. आवाजात असा दुखावलेपणा होता, जणू घरमालकाला न विचारता कुणी मोरी हलवली आहे.

त्या दिवसापासून घरातल्या खुर्च्यांची तोंडं उत्तरेकडे झाली. शेटचं म्हणणं असं, की एसटीत उलटं तोंड करून बसलं तर मळमळतं. मग देश उत्तरेला निघालेला असताना दक्षिणेकडे तोंड करून बसणाऱ्याचं पित्त उसळणार नाही तर काय होणार? आपली सगळी ॲसिडिटी त्यांनी या एका कारणाखाली जमा केली. भेटायला येणाऱ्याला "बसा" म्हणण्याआधी "फिरा" म्हणू लागले. त्यामुळे त्यांच्या ओटीवर चार माणसं बसली तर ती एकमेकांकडे न बघता सगळी एका दिशेला तोंड करून बसत. गप्पा मारताना पुढच्याच्या टकलाशी बोलावं लागे. एकदा गॅसची टाकी टाकायला आलेला माणूस ते दृश्य बघून चप्पल काढून हात जोडून मागे उभा राहिला. त्याला वाटलं, समोर देव आहे.

झोपण्याचा प्रश्न मात्र पेटला. उत्तरेकडे डोकं करून झोपू नये, तसं प्रेताला झोपवतात, हे वहिनींना आईच्या दुधाबरोबर मिळालेलं ज्ञान. शेट म्हणाले, "देश तिकडं चाललाय, मग डोकं पुढं नको? पाय पुढं करून कोन जातंय?" वहिनी म्हणाल्या, "जातंत. चौघांच्या खांद्यावरून जातंत. तुमी झोपा दक्षिनेला." शेट दक्षिणेला झोपले. वहिनींपुढे देशाचं काही चालत नाही. त्यांना खूश करावं म्हणून शेट दुसऱ्या दिवशी म्हणाले, की तुझं माहेर डहाणूला, म्हणजे उत्तरेला. आपण वर्षाला तीन बोटं तुझ्या माहेराकडे निघालोय. वहिनी बोंबील साफ करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मग माहेर काय थांबलंय व्हय? ते पन चाललंय पुढं." मी जिन्यात होतो, मला हसू आवरेना. पण शेटनी तो विषय पुन्हा काढला नाही, एवढं माझ्या लक्षात राहिलं.

देशाचा वेग नखं वाढतात तितका असतो, असं कुठेतरी छापून आलं, तेव्हा शेटनी पायाच्या अंगठ्याचं नख राखलं. सकाळी खुर्चीत बसून ते नखाकडे बघत आणि "चाललोय बरोबर" असं मला सांगत. ते नख पायमोज्यातून बाहेर आलं, मग एका लग्नात कुणाच्या तरी भारी साडीत अडकलं आणि वहिनींनी ते त्याच मांडवात कात्रीनं कापलं. हिमालयाबद्दल तर त्यांचा सूर मालकीचाच असे. आपण धडक देतो म्हणून तो उभा आहे. आपण थांबलो तर बसेल. गल्लीतला एक जण केदारनाथला जाऊन आला आणि तिथल्या चढाची तक्रार करू लागला, तेव्हा शेट खजील होऊन म्हणाले, "काय करनार, आपूनच ढकलतोय त्याला." एकदा चादरी घ्यायला मला निजामपुऱ्यात घेऊन गेले. तिथल्या गल्ल्यांत दोन्ही बाजूंनी कापड विणणारे लूम चालू असतात आणि जमिनीची थरथर चपलेतून पोटरीपर्यंत येते. शेट गल्लीच्या मधोमध थांबले, डोळे मिटले आणि शिफ्ट संपवून चहा प्यायला आलेल्या एका कारागिराला म्हणाले, "भाई, जमीन हिल रही है. मालूम पडता है क्या?" तो म्हणाला, "सेठ, जिस दिन नहीं हिलेगी उस दिन घबराना. उस दिन हमारी छुट्टी समझो." शेटनी त्याला आपल्या पैशानं दुसरा चहा पाजला.

पण या सगळ्यात त्यांना खरा चटका लावला तो आफ्रिकेनं. भारत आणि आफ्रिका एके काळी जोडलेले होते, मग वेगळे झाले, हे मी सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गळ्यातली साखळी फिरवत बसले. "म्हंजे वाटनी झाली." मी म्हटलं, तसंच म्हणा. "मोजनी कोनी केली?" कुणीच नाही. "एवढी मोठी वाटनी मोजनीबिगर झाली? आनि भांडान न्हाय?" मादागास्कर बेट तर आधी आपल्याबरोबर होतं आणि नंतर समुद्रात मागे राहिलं, हे ऐकून त्यांना भडभडून आलं. "यो बिचारा दोघांच्या मदी रायला," असं म्हणून ते उठून आत गेले.

का गेले, ते टेमघरमध्ये सगळ्यांना माहीत होतं. शेटचा धाकटा भाऊ शेजारीच राहतो. शेटच्या घराच्या दक्षिणेला, मधे एक कुंपणाची भिंत. वाटणीच्या वेळी वडिलांनी अंगणाच्या मधोमध हद्दीचा दगड पुरला होता. पुढे शेट चार दिवस डहाणूला गेले असताना धाकट्यानं भिंत घातली. शेट परतले, एक डोळा मिटून भिंतीकडे पाहिलं आणि ती हातभर अलीकडे, म्हणजे त्यांच्या अंगणात आल्याचं जाहीर केलं. दगड कुठे होता हे दोघांनाही छातीठोक माहीत होतं, फक्त वेगवेगळ्या जागी. खुद्द दगड भिंतीच्या पायात गेला होता. सरकारी मोजणी आणली. मोजणीदाराला एका घरानं चिंबोऱ्या खाऊ घातल्या, दुसऱ्यानं कोंबडी. त्यानं दोन्ही खाल्लं आणि हद्द तिसऱ्याच ठिकाणी दाखवली. ती मात्र दोघा भावांनी एकमतानं नामंजूर केली. त्यानंतर त्यांचं कशावरही एकमत झालं नाही, कारण बोलणंच बंद झालं. आमच्याकडे माणूस शिवी विसरेल, उसनी दिलेली शिडी विसरेल, पण बांध कोरलेला विसरत नाही.

दोन्ही घरांत येजा राहिली ती एकाच व्यक्तीची. धाकट्याची मुलगी. लहानपणी ती शेटच्या मांडीवरून उतरत नसे, असं वहिनी सांगतात. अबोला पडल्यावर ती भिंतीवरून हात घालून वहिनींकडून सुकट घ्यायची, आणि तेवढा वेळ शेट पेपर तोंडासमोर धरून बसायचे. कधी कधी तो उलटा असायचा. त्या मुलीचं लग्न ठरलं. सासर उरणचं. पत्रिका एके सकाळी भिंतीवर ठेवलेली दिसली, उडू नये म्हणून वर विटेचा तुकडा. शेटनी ती उचलली नाही, उचलली वहिनींनी. मांडवाची पहिली मेढ घरातल्या थोरल्यानं रोवायची, ही त्यांच्याकडची रीत, आणि थोरले होते शेट. हद्द सरकवणाऱ्याच्या दारात पाय ठेवणार नाही, असं ते गावभर सांगून बसलेले. न गेले तर पोरीच्या मांडवाची मेढ दुसरा कुणीतरी रोवणार होता. शेटचं जेवण तुटलं. चार चपात्या खाणारा माणूस दोनवर आला, आणि शब्दकोड्याला हातही लावेना. माझा पेपर कोरा येऊ लागला. मला तो तसा नको होता.

मग एके सकाळी त्यांनी मला खाली बोलावलं, उत्तरेकडे तोंड करून बसवलं आणि माझ्या मागून बोलू लागले. "सर, देश कुनीकडं सरकतोय?" उत्तरेकडे. "वर्साला तीन बोटं?" साधारण. "भिंत आली कुनीकडं? उत्तरेकडं. किती? हातभर. वर्सं किती झाली ते मी धरलंय, बराबर जुलतंय. धाकट्यानं भिंत नीट घातली व्हती सर. ती सरकली." मी वळून पाहिलं. शेटचा चेहरा इतका उजळला होता, की मला बघवेना. मी म्हणू लागलो, "पण शेट, भिंत सरकली तर तुमचं अंगणही..." तेवढ्यात वहिनींनी माझ्या हातात पोह्यांची बशी दिली आणि माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की मी तोंडभर पोहे भरले. शेट म्हणाले, "तुमी शिकलेले. तुमी जाऊन सांगा त्याला."

असला निरोप घेऊन, भिंतीला वळसा घालून मी धाकट्यांच्या दारात गेलो. तोच देह, फक्त मिशी जास्त. ते स्कूटर पुसत होते. मी कचेरीतल्या आवाजात सांगितलं, की भिंत तुम्ही सरकवलेली नाही, असं शेटचं म्हणणं आहे. देश सरकला. त्यांनी फडकं खाली ठेवलं. "किती?" मी सांगितलं. "कुनीकडं?" मी हात केला. ते भिंतीकडे बघत राहिले. कान लाल झाले. मग फडकं उगाचच पिळत म्हणाले, "दादाला सांगा, देश सरकला ते खरा. पन त्यात थोडी माझी बी चूक हाय."

मी परत फिरलो. मला दोन भाऊ आहेत आणि आमच्यात भिंतसुद्धा नाही, तरी असं वाक्य आम्हाला सुचलेलं नाही. शेटना निरोप सांगितला. ते म्हणाले, "एवढा मोठा देश, त्याची चूक त्यानं अंगावर कशाला घ्यायची," आणि आत जाऊन वहिनींना आपली पांढरी टोपी कुठे आहे ते विचारू लागले. टोपी इस्त्री करून तयार होती. वहिनींनी ती पत्रिका आली त्याच दिवशी केली होती.

मेढ शेटनी रोवली, अर्थात उत्तरेकडे तोंड करून. मांडवाला जागा पुरेना म्हणून धाकट्यांनी स्वतः घण घेऊन भिंतीला भगदाड पाडलं. हळदीला डीजे असा वाजला, की निजामपुऱ्याचे लूम लाजावेत, आणि शेट नाचले, म्हणजे एका जागी उभे राहून हलले. पाठवणीच्या वेळी पोरगी गळ्यात पडली तेव्हा त्यांनी सवयीनं तोंडापुढे पेपर धरायला हात उचलला. हातात काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पेपर घ्यायला खाली आलो तर खुर्ची फिरलेली. तोंड दक्षिणेला. भगदाडातून धाकट्यांचं अंगण दिसत होतं आणि शेट त्याच्याही पलीकडे बघत होते. मी विचारलं, मळमळत नाही? त्यांनी पेपर मांडीवर उतरवला. मग म्हणाले, "सर, उरन दक्षिनेला. आपून उत्तरेला चाललो. पोरगी मागं पडल काय?"

मी म्हटलं, "नाही हो शेट. सगळं एकाच पाटावर आहे. उरण, टेमघर, तुमचं अंगण, धाकट्यांचं अंगण, ती भिंत, सगळं बरोबरच सरकतं. अंतर तेवढंच राहतं." 'भिंत' असं बोलून गेलो आणि जीभ चावली. पण शब्द बाहेर पडला होता.

शेटनी माझा पेपर घडी करून माझ्या हातात दिला. "ते मना ठावं हाय," ते म्हणाले. "तुमची वहिनी तवाच बोलली व्हती, बोंबील साफ करताना." मग खुर्ची जराशी उरणच्या बाजूला वळवून बसले.

अजून तसेच बसतात. पित्त वाढलंय, पण कुणाला सांगत नाहीत.