इस्त्री केलेला किलो

सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी बाई काचेच्या पेटीपासून दीड मीटर दूर, पार्टिशनच्या मागे, पाठ ताठ ठेवून बसल्या आहेत. पेटीत तराजू आहे आणि तराजूवर एक किलोचं पोलादी वजन. अंतर एवढ्यासाठी, की माणसाच्या अंगाची ऊब तिथवर पोचली तर आतली हवा हलते आणि किलो किलोसारखा वागत नाही. बाई लांब दांड्यानं कळ फिरवतात, वजन खाली टेकतं, पडद्यावर आकडा उमटतो. आवडला तर ठेवतात. नाही आवडला तर बटण दाबून पुसतात. यंत्र जुनं आहे. पुसलेलं परत देत नाही.

वजनमापांच्या प्रयोगशाळेच्या तळघरात त्यांची एकतीस वर्षं गेली. औषध कारखान्यांची, सराफांची, बाजारपेठांची वजनं इथे तपासायला येतात. आकड्याशी आकडा जुळायला हवा; पन्नास मायक्रोग्रॅमच्या पलीकडे उडालेला आकडा पुसायचा, असा इथला नियम आहे. कुठे दार आपटतं, रस्त्यावरून ट्रक जातो, कुणी खोकतं, की आकडा उडतो. बाईंनी ही मर्यादा स्वतःपुरती वीसवर आणली. कुणी सांगितलं नव्हतं. पन्नास ही त्यांच्या मते आळशी माणसांची सोय होती. वरच्या मजल्यावर त्यांना मायक्रोबाई म्हणतात. हे त्यांना ठाऊक आहे, आणि त्यात त्यांना कमीपणा वाटत नाही.

जगाबद्दल त्यांचं मत वाईट आहे, कारण जग अंदाजे चालतं. त्यांचे यजमान निवृत्त बसचालक. "पाचेक मिनिटांत येतो," असं म्हणून ते घराबाहेर पडतात, आणि बाईंच्या मते तेवढ्या एका शब्दात संसाराची सगळी खराबी आहे.

दोन वर्षांपूर्वी विद्यापीठातले एक प्राध्यापक तळघरात उतरले. विश्वाबद्दल बोलताना त्यांचे हात फार हलतात. वजनांच्या खोलीत हात हलवायला मनाई असल्यामुळे पहिल्या दिवशी त्यांना नीट बोलताच येईना.

त्यांचं म्हणणं साधारण असं होतं. अणूंच्या दुनियेला क्वांटम सिद्धांत चालवतो, ग्रहताऱ्यांना गुरुत्वाकर्षण. दोघे आपापल्या घरी बिनचूक. एका घरात आणले की गणितं फुटतात. कितीतरी हुशार माणसांनी या दोघांना एकत्र नांदवण्यात आयुष्यं घालवली, आणि त्यातून निष्पन्न झाल्या त्या मुख्यतः परिषदा. आता समुद्रापलीकडच्या एका तरुण संशोधिकेनं नवीन टूम काढली होती. गुरुत्वाकर्षणाला क्वांटम करायचा हट्टच सोडा, ती म्हणत होती. मात्र मग त्याला थोडं चंचल व्हावं लागेल. त्याची ओढ क्षणाक्षणाला किंचित कमीजास्त होत राहील. ते तपासायचं तर एकच वजन पुन्हा पुन्हा करून पाहायचं.

"म्हणजे किलो डळमळेल?" बाईंनी विचारलं.

"तिचं खरं असेल तर, हो."

"माझा किलो डळमळत नाही."

"तेच तर पाहायचंय!"

"त्यात पाहायचं काय? मी रोज पाहते. शंभर वर्षं झाली तुमच्या लोकांना. माझं आणि माझ्या जावेचं एका स्वयंपाकघरात तीस वर्षांत जमलं नाही, पण त्यावर आम्ही परिषद नाही भरवली."

प्राध्यापक मनापासून हसले. किलो डळमळू नये म्हणून बाई नेमकं काय करतात, हे विचारायचं राहून गेलं. त्यानंतर चौदा महिने बाईंनी रोज आकडे दिले, आणि चौदा महिन्यांत त्या माणसाला तो प्रश्न सुचला नाही. आकडे वरून पाणी यावं तसे येतात, अशी विद्वानांची समजूत असते.

शोधनिबंध तयार झाला. त्यावर अकरा नावं, अकरावं बाईंचं. एकतीस वर्षांत छापून येणारं पहिलं. त्यांनी ही गोष्ट घरी चपला काढायच्या आत सांगितली, यावरून तिचं मोल कळावं.

"अकरावी म्हणजे बॅटिंगला सगळ्यात शेवटी ना गं?" यजमान म्हणाले.

"तुम्ही बारावा गडी तरी होतात का कधी?"

गेल्या सोमवारी विद्यापीठाच्या सभागृहात चहा झाला. कागदी कपांत, बिस्किटं धरून. प्राध्यापकांनी भिंतीवर एक आलेख दाखवला. या टोकापासून त्या टोकापर्यंत सपाट, गुळगुळीत रेघ.

"तिच्या गणिताप्रमाणे तीसएक मायक्रोग्रॅमच्या उड्या दिसायला हव्यात," आता हात मनसोक्त हलवत ते म्हणाले. "आणि इथे वीसच्या वर एकही नाही. एकही! संपला सिद्धांत!"

टाळ्या झाल्या. वीसच्या वर एकही का नाही, हे त्या खोलीत एकाच व्यक्तीला माहीत होतं, आणि तिच्या हातात बिस्किट होतं. ती रेघ निसर्गानं ओढलेली नव्हती. ती बाईंनी इस्त्री केलेली होती. नियमाप्रमाणे पन्नासची मर्यादा पाळली असती तर तिशीतल्या उड्या, असल्या तर, जागेवर राहिल्या असत्या.

घरी आल्यावर त्यांनी हे यजमानांना सांगितलं.

"मग सांगून टाक ना त्यांना."

"म्हणजे सगळे म्हणतील, बाईनं घोळ घातला."

"घातलास ना पण?"

"अहो, गप्प बसा."

दुसऱ्या दिवशी त्या प्राध्यापकांच्या खोलीत गेल्या. खोलीत पुस्तकं खुर्च्यांवर होती. बाई उभ्याच राहिल्या. ऐकून झाल्यावर प्राध्यापकांनी उठून आधी दार लावलं.

"किती आकडे पुसलेत?"

"मोजले नाहीत."

"अंदाजे?"

"मी अंदाजे काही सांगत नाही."

"अहो, दार आपटलं असेल, ट्रक गेला असेल. तुम्हीच त्याला कचरा म्हणायचात."

"असेल. नसेलही."

"पुन्हा मोजायचं म्हणजे आणखी चौदा महिने. मी आठ महिन्यांत निवृत्त होतोय, बाई."

"मग माझं नाव काढा."

प्राध्यापकांचा चेहरा उजळला. त्यांनी बसा म्हणायच्या आधी नाव काढलं. जाता जाता निबंधात 'योग्य निकषांनुसार निवडलेली निरीक्षणं' असे चार शब्द घातले आणि मनाची टोचणी मिटवली. संध्याकाळी दहा नावांनिशी निबंध रवाना झाला.

याला प्रामाणिकपणा म्हणायचा मोह होईल. होऊ नये. विश्वाचा एक प्रश्न बाईंनी बटण दाबून पुसला होता, आणि ज्या माणसाला ते लपवण्यात रस होता त्यालाच तेवढं सांगून त्या परतल्या. आपलं नाव डागाळलेल्या कापडावर नको, इतकीच त्यांची मागणी होती. समुद्रापलीकडच्या त्या मुलीला त्यांनी कळवलं नाही, कळवणारही नाहीत. ती आता निबंध वाचेल आणि स्वतःच्या गणितात चूक शोधत बसेल. चूक तिथे आहे की नाही, हे कुणालाच माहीत नाही. ते कळायचा मार्ग होता, तो तळघरात पुसला गेला.

"म्हणजे तू आता टीममध्येच नाहीस?" यजमानांनी विचारलं.

"नाही."

"आणि मॅच?"

"ते जिंकले."

मर्यादा पुन्हा पन्नासवर नेणार का, असं मी हे लिहिण्याआधी विचारलं, तेव्हा बाईंनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की जणू मीच काचेच्या पेटीवर खोकलो होतो.

उद्या एका औषध कारखान्याची बारा वजनं तपासायची आहेत. पहिलं सात चाळीसला पेटीत ठेवलं जाईल. मर्यादा वीस.